तांड्यांतील सुई आणि तिचा हिशेब

बाजाराच्या दिवशीं तांड्यावरून आलेली एखादी वृद्ध बंजारा स्त्री पाहिली नाहीं, असा मनुष्य आपल्या चाळीसगांव तालुक्यांत विरळाच. तांबड्या-निळ्या कापडाचा घेरदार फेटिया, आरशांनीं व कवड्यांनीं मढविलेली कांचळी, कोपराच्याही वर चढलेल्या पांढऱ्या बांगड्या आणि डोक्यावरून मागें सोडलेली भरतकामाची ओढणी, असा तिचा वेष दुरूनच ओळखूं येतो. तिच्याबरोबर चालणारी सून मात्र बहुधा साधी साडी नेसलेली असते. आणि नात बरोबर असलीच, तर ती कोणत्या तरी शाळेच्या गणवेषांत असण्याचा संभव अधिक. तीन पिढ्यांचे हे तीन वेष आपण नित्य पाहतों व आपल्या कामास लागतों. प्रस्तुत लेखांत त्या पहिल्या वेषावरील टांक्यांविषयीं, आणि त्या टांक्यांतून तांड्यांतील घरांत कांहीं प्राप्ति होऊं शकेल कीं काय याविषयीं, दोन शब्द लिहिण्याचें योजिलें आहे. विद्यार्थ्यांनीं तो वाचावाच. परंतु पालकांनीं, विशेषतः ज्यांच्या हातीं घरखर्चाचा पैसा असतो अशा पालकांनीं, तो अधिक लक्षपूर्वक वाचावा अशी विनंती आहे.

बंजारा समाजाचें पूर्वींचें जीवन लदेणीचें होतें. बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ लादून मोठमोठे तांडे देशाच्या एका टोंकाकडून दुसऱ्या टोंकाकडे जात. फौजांना आणि दुष्काळी मुलखाला धान्य पोंचविणारे हेच लोक. १८६० नंतरच्या दशकांत मुंबईहून भुसावळकडे जाणारी आगगाडी आपल्या गांवावरून धांवूं लागली, आणि ज्या वाटेस बैलांना आठवडेच्या आठवडे लागत ती गाडीनें एका रात्रींत कापली जाऊं लागली. या आघातांतून तांडे सांवरतात न सांवरतात तोंच १८७१ सालीं गुन्हेगार जमातींचा कायदा आला. त्याच्या याद्यांत ठिकठिकाणीं बंजाऱ्यांचें नांव चढविण्यांत आलें, आणि तो कलंक कायद्याच्या पुस्तकांतून पुसला जाण्यास १९५२ साल उजाडावें लागलें. याच समाजांतील वसंतराव नाईक हे १९६३ पासून १९७५ पर्यंत महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते; परंतु एका कर्त्या पुरुषाच्या उत्कर्षानें सगळ्या तांड्याची चूल पेटत नाहीं, हें वेगळें सांगावयास नको.

फिरत्या संसारास भिंत नसते. भिंतीवर चित्र काढावें, दारावर नक्षी कोरावी, ही सोय ज्यांना नव्हती त्यांनीं आपलें सारें सौंदर्य अंगावरील कापडावर, बैलाच्या झुलेवर आणि धान्याच्या पिशवीवर ओतलें. जुन्या कपड्यांचे तुकडे एकावर एक ठेवून जाड केलेली बैठक, तिच्यावर रंगीत दोऱ्याचे भरगच्च टांके, मध्यें बसविलेले आरसे आणि कांठाला ओंविलेल्या कवड्या, अशी ही कामगिरी आहे. तिच्यासाठीं कागदावर नमुना काढलेला नसतो. आईच्या मांडीशीं बसून मुलगी शिके, व विवाहाच्या वेळीं स्वतः भरलेले कपडे व पिशव्या बरोबर घेऊन सासरीं जाई. ही विद्या विकण्यासाठीं जन्मास आलेली नव्हती, हें प्रथम ध्यानांत घेतलें पाहिजे. कारण पुढील सगळी अडचण येथूनच सुरू होते.

आतां तांड्यांतील आजची स्थिति पाहूं. दसरा-दिवाळी झाली कीं आपल्या तालुक्यांतील कित्येक तांडे निम्मेअधिक रिकामे होतात. घरांतलीं धडधाकट माणसें ऊंसतोडीला निघून जातात तीं मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहींत. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ ही त्या धंद्यांतली भाषा आहे. तेथें माणसें मोजीत नाहींत, कोयते मोजतात. मुकादमाकडून हंगामाआधींच उचल घ्यावयाची, ती लग्नांत, औषधांत किंवा मागच्या कर्जांत खर्च व्हावयाची, आणि मग ती फिटेपर्यंत फडांत राबावयाचें, असा हा क्रम आहे. उचलेची रक्कम ५०,००० रुपयांपासून लाखाच्या पुढेंही जाते. मुलें कांहीं आईबापांबरोबर फडावर जातात, तेथें कोप्यांत राहतात व धाकट्या भावंडांना सांभाळतात. कांहीं सरकारच्या हंगामी वसतिगृहांत राहतात. आणि कांहीं तांड्यावर आजीजवळ ठेवलीं जातात. वर्गांतील हजेरीपटावर दिवाळीनंतर कोणतीं नांवें गैरहजर पडूं लागतात, हें शिक्षकांस ठाऊक असतें, आणि बाकावरील शेजाऱ्यासही ठाऊक असतें.

येथें आमचें मुख्य म्हणणें सुरू होतें. सुईच्या कामानें ऊंसतोडीचा कोयता सुटेल असें कोणी म्हणूं लागल्यास त्यावर विश्वास ठेवूं नये. पांच महिने, महिन्यास २५ दिवस आणि रोज २०० रुपये अशी भरभक्कम मिळकत गृहीत धरली, तरी एका स्त्रीच्या हातीं हंगामभरांत २५,००० रुपये पडतील. लाखाच्या उचलेपुढें ती रक्कम तोकडीच आहे. परंतु ज्या आजीजवळ मुलें ठेवतात ती आजी कोण? जिला फेटियाचे टांके येतात तीच. तरुण सुनेला ते येत नाहींत, नातीला तर मुळींच येत नाहींत. ऊंसाच्या हंगामांत तांड्यावर मागें राहणारीं माणसें आणि ही कला हातांत असलेलीं माणसें हीं एकच आहेत, या साध्या गोष्टीकडे कोणाचें लक्ष जात नाहीं. त्या आजीच्या हातीं महिन्याला तीन-चार हजार रुपये स्वतःच्या श्रमाचे पडूं लागले, तर ती मुलाला व सुनेला सांगूं शकेल कीं, ‘लेकरें माझ्याजवळ राहूं द्या, त्यांच्या पोटाची चिंता करूं नका.’ सुईपासून आम्हीं एवढीच अपेक्षा करतों. ती लहान आहे. परंतु तिच्यावर एका मुलाचें एक शालेय वर्ष अवलंबून आहे.

हें सर्व कल्पनेंतलें आहे असें कोणी म्हणूं नये. कर्नाटकांत बळ्ळारीकडे संडूर नांवाचें गांव आहे. स्वातंत्र्यापूर्वीं तें घोरपडे या मराठा घराण्याचें लहानसें संस्थान होतें. भोंवतालचा डोंगर लोखंडाच्या व मँगेनीजच्या खाणींचा. आणि डोंगराच्या कुशींत लंबाणींचे तांडे. लंबाणी, लंबाडी, सुगाळी, बंजारा हीं एकाच समाजाचीं नांवें होत. घराबाहेर भाषा कानडी असो, तेलुगू असो कीं आपल्याकडल्यासारखी अहिराणी असो, चुलीजवळची गोरबोली एकच. तेथें १९८० नंतरच्या दशकांत घोरपडे घराण्याच्या पुढाकारानें ‘संडूर कुशल कला केंद्र’ ही संस्था निघाली. तांड्यांतील स्त्रियांना कापड व दोरा द्यावयाचा, त्यांच्याकडून पिशव्या, अभ्रे, पोषाख, भिंतीवरचे पडदे भरून घ्यावयाचे, आणि तें काम दूरच्या शहरांत व परदेशांत विकावयाचें, अशी तिची रीत. २०१० सालीं ‘संडूर लंबाणी भरतकाम’ या नांवास भौगोलिक संकेताची सरकारी नोंद मिळाली. म्हणजे त्या प्रदेशाबाहेरील कोणीही आपल्या मालावर तें नांव लावूं शकत नाहीं. २०२३ च्या जुलै महिन्यांत हंपी येथें जी-२० राष्ट्रांची सांस्कृतिक बैठक भरली, तेव्हां साडेचारशेंहून अधिक लंबाणी स्त्रियांनीं केलेल्या १,७५५ वस्तूंची मांडणी होऊन ती गिनेसच्या विक्रमांच्या नोंदींत गेली.

विक्रमाच्या प्रमाणपत्रानें कोणाचें पीठ दळलें जात नाहीं, तेव्हां त्याचें फार कौतुक करण्याचें कारण नाहीं. आम्हांस महत्त्वाची वाटते ती गोष्ट निराळी आहे. खाणींच्या मुलखांत स्त्रीला दगडमातीच्या मजुरीखेरीज दुसरें काम मिळणें कठीण. तेथें तिच्या आजीच्या हातची विद्या हेंच तिच्यापुढें दुसरें काम होऊन उभें राहिलें, आणि तें चाळीस वर्षांच्या आसपास टिकलें. दोन-चार वर्षें चालून बंद पडणाऱ्या शिवणवर्गांची आपल्याकडे उणीव नाहीं. ते वर्ग उघडण्याच्या दिवशीं जेवढी मंडळी जमते, त्याच्या दशांशानेंही बंद होण्याच्या दिवशीं जमत नाहीं. असो.

संडूरला निदान कला जिवंत होती. तमिळनाडूंत धर्मपुरी जिल्ह्यांतील सित्तिलिंगी नांवाच्या दरींत ती मेल्यातच जमा झाली होती. तेथील लंबाडी स्त्रियांनीं दोन पिढ्यांपूर्वींच जुना पोषाख टाकला होता. २००६ सालाच्या सुमारास तेथें दवाखाना चालविणाऱ्या डॉक्टर मंडळींच्या प्रयत्नानें शोध घेतला, तेव्हां टांके नीट येणाऱ्या वृद्ध स्त्रिया केवळ दोन सांपडल्या. त्या दोघींपासून इतरजणी शिकल्या आणि ‘पोरगाई’ नांवाची त्यांची संस्था उभी राहिली. त्या बोलींत या शब्दाचा अर्थ अभिमान असा आहे. दोनच स्त्रिया! त्या आणखी पांच वर्षें आधीं निवर्तल्या असत्या, तर शिकविण्यास कोणीच उरलें नसतें. आपल्या तालुक्यांतील तांड्यांवर अशा स्त्रिया आज दोनांहून पुष्कळ अधिक आहेत. वीस वर्षांनंतर त्या असणार नाहींत, हें कळण्यास ज्योतिषी नको.

येथवर सर्व गोड वाटतें. परंतु सुईच्या धंद्याची एक काळी बाजू आहे, आणि ती मिशनच्या शाळेच्या पुस्तकांत तरी लपवितां येत नाहीं, कारण तिचा उगम मिशनच्याच अंगणांत आहे. आंध्रांत गोदावरीच्या मुखाजवळ नरसापूर हें गांव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तेथील मिशनरी कुटुंबांतील स्त्रियांनीं गरीब बायांना आंकडीच्या सुईनें जाळीदार लेस विणण्यास शिकविलें. हेतु निर्मळ होता. दुष्काळानें व दारिद्र्यानें गांजलेल्या बायांना घरीं बसून दोन पैसे मिळावे एवढाच. पुढें धंदा वाढला, व्यापारी आले, दलाल आले, माल जहाजांतून परदेशीं जाऊं लागला. मारिया मीस नांवाच्या जर्मन विदुषीनें तेथें राहून या धंद्याचा अभ्यास केला व १९८२ सालीं त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. तिला काय आढळलें? दिवसाचे सहा ते आठ तास विणणारी स्त्री स्वतःला कामकरी म्हणवीत नव्हती. ‘रिकाम्या वेळांत घरीं कांहीं तरी करतें’ असें म्हणे. शिरगणतींतही तिची गणना कामकऱ्यांत नव्हती. एक बाई नुसतीं फुलें विणी, दुसरी तीं जोडी, तिसऱ्याच कोणाच्या हातून माल पुढें जाई. त्यामुळें तयार मेजपोसाची किंमत काय येते हें विणणाऱ्या एकीलाही ठाऊक नसे. ज्यांना ठाऊक असे ते विणीत नसत, आणि तेच श्रीमंत झाले.

‘रिकाम्या वेळांत’ हे दोन शब्द सुईच्या धंद्याचे वैरी होत. स्त्रीच्या श्रमाचें मोल शून्य धरण्याची सगळी युक्ति त्यांत आहे. आपल्या महाराष्ट्रांतील मागाकडे पाहिलें तरी हेंच दिसेल. विणकराच्या घरांत सूत उकलणें, कांड्या भरणें, ताणा लावण्यास हात देणें हें काम घरच्या बाईचें. परंतु विणकर म्हणून नांव मागावर बसलेल्या पुरुषाचें. २०१९-२० सालीं झालेल्या हातमाग-गणनेंत देशांत ३५ लाखांहून अधिक विणकर व साहाय्यक कामकरी आढळले, आणि त्यांत शंभरांत ७२ स्त्रिया निघाल्या. त्याच गणनेंत सुमारें दोनतृतीयांश विणकर कुटुंबांची मासिक प्राप्ति ५,००० रुपयांच्या आंत असल्याचें दिसून आलें. हात स्त्रीचे आणि मिळकत इतकी अल्प, या दोन गोष्टी एकमेकींपासून निराळ्या नाहींत.

म्हणून आतां आपण एका पिशवीचा हिशेब मांडून पाहूं. विद्यार्थ्यांना हें उदाहरण अंकगणिताच्या पुस्तकांत सांपडणार नाहीं. समजा, आरसे व कवड्या लावलेली, दोन्ही अंगांनीं भरलेली एक पिशवी करण्यास तीन दिवस लागले. शेतांत निंदणीस गेलें असतां जो रोज मिळाला असता तो ३०० रुपये धरूं. म्हणजे श्रमाचेच ९०० रुपये झाले. कापड, दोरा, आरसे, अस्तर यांचे १५०. शहरांत माल नेणें, दुकानाचें भाडें, न विकलेल्या मालाची तूट, यांचे निदान १५०. एकूण १,२०० रुपये. गिऱ्हाईक ती पिशवी हातांत घेतें, उलटसुलट पाहतें आणि म्हणतें, ‘अहो, अशीच पिशवी बाजारांत दोनशेंला मिळते!’ बाजारांतली ती पिशवी यंत्रावर भरलेली असते व तिच्यावरील आरसे प्लॅस्टिकचे असतात. परंतु दुरून फरक कळत नाहीं हें मान्य केलें पाहिजे. मग घासाघीस होऊन सौदा ४५० रुपयांवर तुटतो. सामानाचे व वाहतुकीचे ३०० वजा जातां बाईच्या हातीं १५० रुपये उरतात. म्हणजे दिवसाला ५० रुपये. निंदणीच्या रोजाचा हा सहावा हिस्सा. घरीं परततांना गिऱ्हाइकाच्या मनांत मात्र आपण एका गरीब भगिनीस मदत केल्याचें समाधान असतें.

अशा विक्रीला आम्ही रोजगार म्हणावयास तयार नाहीं. १,२०० रुपये मिळत नसतील तर ती पिशवी करूंच नये; अर्ध्या दिवसांत होणारी, ३०० रुपयांस विकतां येईल अशी लहान वस्तु करावी, सदऱ्याच्या गळ्याची पट्टी भरावी, वहीचें वेष्टण भरावें. आणि जी मोठी वस्तु आहे ती अशा गिऱ्हाइकासाठीं राखावी, कीं ज्याला तिचें मोल कळतें. तें पुण्या-मुंबईंत असेल, परदेशांत असेल, आतां तर टपालानें व पार्सलानें कोठेंही पोंचतां येतें. कोणती वस्तु किती तासांत होते आणि किती रुपयांस गेल्यास परवडते, हें गणित ज्या संस्थेंत शिवणारी स्त्री स्वतः करूं शकते तीच संस्था तगेल. आमच्या मतें टांका शिकविण्याची तांड्यांत गरज नाहीं. तेथें हिशेब शिकविण्याची गरज आहे, आणि तो शिकविणारी माणसें तर आपल्या शाळेच्या वरच्या वर्गांतच बसलेलीं आहेत.

स्त्रियांना हिशेब झेपणार नाहीं, असें कोणास वाटत असेल तर त्यानें पापडाची गोष्ट आठवावी. १९५९ सालीं मुंबईंत गिरगांवांतील एका चाळीच्या गच्चीवर सात बायांनीं ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास आरंभ केला. तोच पुढें ‘लिज्जत’चा उद्योग झाला, आणि त्यांत आज ४० हजारांहून अधिक स्त्रिया काम करतात. तिच्या यशाचें मर्म उडदाच्या पिठांत नाहीं. जी लाटते ती सभासद, जी सभासद ती मालकीण, आणि नफा-नुकसान दोन्हींत तिचा वांटा, हा तेथील नियम आहे. पापड ठरल्यापेक्षां जाड झाला कीं तो परत होतो. तेथें भिडेला जागा नाहीं. बंजारा भरतकामालाही हाच नियम लावावा लागेल. टांका सैल असेल तर ‘बिचारी म्हातारी आहे’ म्हणून तो घेऊं नये, आणि टांका घट्ट असेल तर ‘बिचारी म्हातारी आहे’ म्हणून तिला कमी दामही देऊं नयेत.

कायद्यानें या कामांत मोठी आडकाठी नाहीं. निरनिराळ्या कुटुंबांतील दहा जणींनीं एकत्र येऊन महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० खालीं संस्था नोंदवितां येते. तेवढें जमेपर्यंत बचत गट आहेतच; १९७५ सालीं स्थापन झालेलें महिला आर्थिक विकास महामंडळ आणि २०११ पासूनचें ‘उमेद’ अभियान हीं तेंच काम करीत आहेत. अडचण कागदाची नसून चावीची आहे. पेटीची चावी, बँकेचें पुस्तक आणि भाव ठरविण्याचा अधिकार हीं तिन्हीं कोणाच्या हातीं राहतील, हें पहिल्याच बैठकींत ठरलें पाहिजे. नायकाच्या मुलानें, मास्तरांनीं किंवा आमच्यासारख्या लेख लिहिणाऱ्यांनीं तीं ‘सोयीसाठीं’ आपल्याकडे ठेवलीं, कीं दुसरें नरसापूर झालेंच म्हणून समजावें.

या बाबतींत पृथ्वीच्या पार दुसऱ्या अंगास राहणाऱ्या स्त्रियांचें एक उदाहरण मनोवेधक आहे. मध्य अमेरिकेंत ग्वाटेमाला नांवाचा देश आहे. तेथील मूळ रहिवासी जे माया लोक, त्यांच्या स्त्रिया एक टोंक झाडाला व दुसरें टोंक पट्ट्यानें आपल्या कमरेला बांधलेल्या मागावर विणतात, आणि त्या कापडाचा ‘विपिल’ नांवाचा भरजरी दिसणारा सदरा घालतात. विणकामावरून बाई कोणत्या गांवची हें सांगतां येतें. त्या देशांत १९६० पासून १९९६ पर्यंत यादवी युद्ध चाललें व त्यांत माया समाजाचा अतोनात संहार झाला. घरचे पुरुष गेले. हातीं माग उरला. तशाही स्थितींत त्या बायांनीं सहकारी संस्था काढल्या. १९८८ सालीं केत्साल्तेनांगो शहरांत स्थापन झालेली ‘त्रामा’ ही त्यांपैकीं एक, आणि ती विणकरणींच्याच मालकीची आहे. पुढें त्यांना नवाच चोर भेटला. मोठे व्यापारी त्यांचे नमुने उचलून यंत्रावर छापूं लागले. तेव्हां त्या न्यायालयांत गेल्या, आणि २०१७ सालीं तेथील घटना-न्यायालयानें विधिमंडळास, या समूहांच्या नमुन्यांचें रक्षण करणारा कायदा करा, असें सुचविलें. नमुना एका बाईचा नाहीं, गांवाचा आहे, तेव्हां त्याचा मोबदलाही गांवाला मिळावा, असें त्यांचें म्हणणें आहे. संडूरच्या नोंदीनें संडूरपुरतें हें साधलें. आपल्या तांड्यांवरील टांक्यांना मात्र आज कोणतेंही नांव नाहीं, कोणतीही नोंद नाहीं. प्लॅस्टिकच्या आरशांची पिशवी ‘बंजारा’ म्हणून खुशाल विकली जाते, आणि जिच्या आजीनें तो टांका घडविला ती ऊंसाच्या फडांत मोळ्या बांधते.

एका गोष्टीविषयीं आम्हांस फार भीति वाटते व ती स्पष्ट बोलून दाखविली पाहिजे. घरांत काम आलें कीं प्रथम मुलीला शाळेंतून काढण्याची आपली जुनी खोड आहे. मुलगा शाळेंत जावा म्हणून आजीनें सुई धरावी आणि आजीला मदत म्हणून नात घरीं राहावी, असें झाल्यास हा सगळा खटाटोप उलटला. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचें शिक्षण हा २००९ च्या कायद्यानें त्यांचा हक्क आहे. परंतु २०१६ सालीं बालमजुरीच्या कायद्यांत जी दुरुस्ती झाली तिनें शाळेची वेळ सोडून घरच्या धंद्यांत मुलांनीं हात लावण्यास मोकळीक ठेवली आहे. ही मोकळीक कागदावर निरुपद्रवी दिसते. प्रत्यक्षांत ‘शाळेची वेळ सोडून’ म्हणजे अभ्यासाची वेळ, खेळण्याची वेळ आणि निजेची वेळ. सुट्टींत नातीनें आजीपाशीं बसून टांका अवश्य शिकावा, स्वतःची एक पिशवी भरावी. परंतु विक्रीच्या मालावर तिचा हात लागूं नये, असा नियम संस्थेनें आपल्या घटनेंतच घालावा. आजींच्या डोळ्यांचाही विचार व्हावा. काळ्या कापडावर काळ्या दोऱ्यानें रात्रीं भरण्याचें काम घेणारा मनुष्य स्वतःच्या आईला तें सांगेल काय? चष्म्याचा खर्च कापड-दोऱ्याइतकाच धंद्याचा खर्च आहे, आणि तो किंमतींत धरला पाहिजे.

पालकांनीं काय करावें, असा प्रश्न येईल. वर्गणी देऊं नये. दरवर्षीं स्नेहसंमेलनांत पाहुण्यांना शाल व श्रीफळ देण्याची प्रथा आहे. शालीऐवजीं तांड्यावर भरलेली एखादी वस्तु ठरल्या किंमतीस विकत घेतली, तर शाळेचा मान कमी होणार नाहीं. लग्नाच्या आहेरांत, नव्या घराच्या तोरणांत तिला जागा आहे. घासाघीस मात्र करूं नये. भाजीवालीशीं करतों ती तरी कोठें शोभते? वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं, त्यांतही ज्यांचें घर तांड्यावर आहे अशांनीं, एक काम करावें. आपल्या आजीला कोणकोणते टांके येतात तीं नांवें तिच्याच बोलींत वहींत उतरावीं, प्रत्येकाचा वितभर नमुना कापडावर करून घ्यावा आणि घड्याळ लावून त्यास लागलेला वेळ शेजारीं लिहावा. जी संस्था पुढें कधीं निघेल तिचें पहिलें दप्तर हेंच असेल. भाव ठरवितांना ‘किती वेळ लागला?’ या प्रश्नास अंदाजानें उत्तर देण्याची पाळी कोणावर येणार नाहीं.

हें काम पावसाळ्यांतच झालें पाहिजे. पोळ्यानंतर तांड्यांत मुकादमांच्या खेपा वाढतात, उचल घरोघर पोंचूं लागते, आणि एकदां ती खर्च झाली कीं कोणी जावयाचें व कोणी राहावयाचें हें ठरविणें तांड्याच्या हातीं राहत नाहीं.